खालून येणारं पाणी

सुखदेवभाऊंच्या मॉनिटरची काच कायम मळकी असायची. ऑफिसातल्या बाकी सगळ्यांच्या काचा लख्ख, आणि यांच्या काचेवर अंगठ्याचे तेलकट फराटे, डावीकडून उजवीकडे, एकाखाली एक. मी नवीन होते तेव्हा एकदा मोठ्या हौसेनं ती ओल्या फडक्यानं पुसून काढली. भाऊ जेवून आले, खुर्चीत टेकले, काचेकडे पाहिलं आणि म्हणाले, "काऊन वं माजरीवाले, माही पाऊलवाट पुसली काय तू?"

मी माजरीची, खाण कामगाराची मुलगी, म्हणून त्यांच्यासाठी माजरीवाली. वर्षा हे माझं नाव त्यांना माहीत असल्याचा पुरावा मला पाच वर्षांत दोन-तीनदाच मिळाला. आणि पाऊलवाट अशी, की भाऊ प्रोग्रामची प्रत्येक ओळ अंगठा टेकवून वाचायचे. ओळ संपली की अंगठा खालच्या ओळीवर. अंगठा अडला की समजायचं, तिथे काहीतरी भानगड आहे. वैनगंगेकाठच्या ढिवर मासेमाऱ्यांच्या घरातला माणूस; लहानपण बापाशेजारी बसून जाळी दुरुस्त करण्यात गेलेलं. "गाठ डोयानं नाई पाह्यत," म्हणायचे. "डोया फसवते. बोटाले लागते तेच खरं."

कॉम्प्युटर कुठे आणि कसे शिकले ते मला अजून नीट माहीत नाही. विचारलं की दर वेळी वेगळं सांगायचे. जाड भिंगांचा चष्मा, हाफ शर्टच्या खिशात दोन पेनं, त्यातलं एकही न चालणारं, आणि पायात बारा महिने रबरी चप्पल, मग मुंबईचे पाहुणे येवोत की दिल्लीचे. डॉक्टरांनी साखर बंद केली होती. भाऊ पथ्याचे पक्के. चहा बिनसाखरेचा घ्यायचे आणि त्याबरोबर दोन पेढे खायचे. कोणी टोकलं तर साळसूद चेहऱ्यानं म्हणायचे, "चहात टाकली काय मी साखर? सांग ना बाप्पा, टाकली काय?"

आमचं ऑफिस म्हणजे चंद्रपुरात एका घराच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि एक खडखडणारा कूलर. लहानमोठी सॉफ्टवेअर आम्ही करायचो, पण त्यातलं एकच भाऊंनी आपलं मानलं होतं. पावसाळ्यात भामरागडकडची गावं तुटतात, कधी दोन दिवस, कधी आठ. त्या गावांतल्या दिवस भरत आलेल्या बायांना पाणी चढायच्या आधी अलीकडे आणायचं आणि दवाखान्याशेजारच्या माहेरघरात ठेवायचं, अशी तिकडची रीत. पण बाईला महिनाभर आधीच आणून बसवलं, तर घरी धानाची रोवणी अडते, लहान पोरं रडतात आणि ती कोणाला न सांगता जंगलातून चालत परत जाते. म्हणून कोणाला कधी आणायचं हे भाऊंचा प्रोग्राम सांगायचा. रोज सकाळी नद्यांची पातळी, पाऊस, वाटेवरचा नाला आणि बाईची तारीख पाहून तो नावं काढायचा. नाव गावच्या आशाताईच्या फोनवर जायचं आणि इकडून गाडी निघायची. सरकारी कागदावर या प्रोग्रामला लांबलचक नाव होतं. भाऊ त्याला नुसतं 'यादी' म्हणायचे.

यादीतला कुठलाही नियम बदलला की तो मोठ्यानं वाचायचा, ही भाऊंची अट होती. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. ऐकणारा कोणी नसला तर जेवणाच्या सुट्टीत वैनींना फोन लागायचा. वैनी म्हणजे त्यांची बायको, शाळा चौथीपर्यंत.

"ऐक वं. नाला कमरेपर्यंत आला आन् बाईचे पंधरा दिवस राह्यले, तर थांबायचं, असं लिहून राह्यलो."

"कायले थांबायचं?" वैनी तिकडून भाजी फोडणीला टाकता टाकता खेकसायच्या. "कमरेपर्यंत पान्यात पोटुशी बाई चालते काय? तुमी चालून दाखवा."

भाऊ लगेच ओळ बदलायचे. आमच्या सरांनी एकदा पुण्याहून टेस्टिंग शिकवायला माणूस आणला होता. त्याला भाऊंनी सांगितलं, "आमच्या घरी टेस्टर हाये. रिकामी नसते, पन चूक सोडत नाई." तो माणूस वहीत ते लिहून घ्यायला लागला, तेव्हा आम्ही हसून हसून बेजार झालो.

आता इरुमगुड्याचं सांगायला हवं. हे मी ऑफिसात यायच्या आधीचं. भाऊंनी इतक्यांदा सांगितलंय की मीच तिथे होते असं वाटतं. यादी करायला घेतली तेव्हा हा गृहस्थ उन्हाळ्यात मोटरसायकल काढून त्या साठेक गावांना जाऊन आला. प्रत्येक गावात एकच प्रश्न, पाणी पहिल्यांदा कुठून येतं? सगळीकडे उत्तर सारखंच, वरून. वरच्या अंगाला पाऊस झाला की आमचा नाला भरतो. इरुमगुड्यात मात्र एक म्हातारी जोरजोरात मान हलवायला लागली. ती बोलत होती माडिया, भाऊंना त्यातलं ओ की ठो कळेना. तेव्हा आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली तिची नात पुढे झाली. तेरा-चौदा वर्षांची, नाव सोमी. गावच्या आशाताई मैनीबाई, त्यांची ही मुलगी.

सोमी म्हणाली, "आजी म्हनते, पानी वरून नाई येत. खालून येते."

"खालून कसं येईल वं पोरी? पानी कधी चढते काय?"

सोमीनं काठी घेतली आणि जमिनीवर रेघ ओढली. ही आमची नदी. मग तिला आडवी जाडजूड रेघ. ही इंद्रावती. इंद्रावती फुगली की आमच्या नदीला पुढे जायला जागाच देत नाही. मग आमची नदी उलटी फिरते आणि नाल्यातून गावाकडे येते. इथे आभाळात ढगही नसतो तेव्हा. एवढं सांगून तिनं काठी भाऊंच्या हातात दिली आणि म्हणाली, "आता तुमी काढून दाखवा." भाऊंनी काढून दाखवलं. मास्तरीण खूश झाल्यावरच त्यांना पाणी मिळालं प्यायला.

म्हणून यादीत बाकी सगळ्या गावांना एक नियम आणि इरुमगुडा व त्याच्या शेजारची दोन, अशा तीन गावांना उलटा नियम. बाकीच्यांसाठी वरची नदी पाहायची, या तिघांसाठी खालची इंद्रावती. पहिल्याच पावसाळ्यात कडक ऊन पडलेलं असताना यादीनं इरुमगुड्याच्या एका बाईचं नाव काढलं. गाडीचा ड्रायव्हर वैतागला, सरांना फोन आले, सॉफ्टवेअर येडं झालं म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी इरुमगुड्याची वाट पाण्याखाली होती आणि ती बाई माहेरघरात वरणभात खात होती. त्यानंतर सहा वर्षं यादी एकदाही चुकली नाही. मैनीबाई सिग्नलसाठी रोज सकाळी टेकडीवर चढून फोन पाहायच्या आणि गावाला सांगायच्या, आज निघायचं की नाही. गावानं आभाळाकडे पाहणं सोडलं आणि मैनीबाईंकडे पाहायला लागलं. भाऊंना याचा फार अभिमान होता. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे कोड लिहून देणारं टूल आलं. हवं ते सांगायचं, ते चुटकीसरशी प्रोग्राम लिहून देतं. मला वाटलं भाऊ तोंड वाकडं करतील. कसलं काय! दोन दिवसांत त्यांची त्याच्याशी गट्टी जमली. ते त्याच्याशी सरळ आपल्या बोलीत बोलायचे, "बाप्पा, हे जरा सोपं करून दे न," आणि त्यालाही ते कळायचं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं जवाई. "गोड बोलते, नाई म्हनत नाई, आन् केलेलं काम सगळ्यायले चांगलंच दिसते," ते म्हणाले. "जवायाले कोनी विचारत नाई, हे काऊन केलं म्हनून. आपन विचारायचं." एकदा जवायानं भाऊंचीच एक जुनी चूक पकडली, लीप वर्षातल्या तारखांची. भाऊंनी स्वतः खाली जाऊन सगळ्यांसाठी आलुबोंडे आणले आणि एक स्क्रीनसमोर ठेवला.

त्याच सुमाराला माझ्या लक्षात आलं की भाऊंचा अंगठा चुकतोय. दोन ओळींच्या मधूनच चालायचा. एकदा तो स्क्रीनच्या चौकटीबाहेर गेला आणि भाऊ तो टेबलावरच फिरवत राहिले. साखर डोळ्यांत उतरली होती. नागपूरला सुया झाल्या, लेझर झालं. ऑफिसात त्यांनी कोणाला सांगितलं नाही; मला सांगितलं, कारण सांगावंच लागलं.

"आतून रक्त आलं म्हनते डॉक्टर. समोर काया पडदा हलल्यावानी होते," ते म्हणाले. "तू वाच, मी ऐकतो. डोये तुहे, डोकं माहं. चालन ना?"

चाललं. वर्षभर मस्त चाललं. मी वाचायची, भाऊ डोळे मिटून ऐकायचे आणि अंगठा मांडीवर फिरवायचे. अडला की म्हणायचे, "मागची ओळ पुन्हा." मी कंटाळले तर चिडायचे नाहीत, एखादा पेढा पुढे सरकवायचे.

गेल्या जूनमध्ये सरांनी ठरवलं की यादी जुन्या प्रोग्राममधून नव्यात न्यायची, पाऊस लागायच्या आत. हातानं केलं असतं तर चार महिने गेले असते. जवायानं आठवड्यात केलं. शेवटच्या दिवशी त्यानं स्वतः केलेल्या दुरुस्त्यांची टिपणं दिली, सत्तर-ऐंशी ओळींची. मी भाऊंना वाचून दाखवायला लागले. तारखांचं, फोन नंबरांचं, असलंच सगळं. पन्नासेक झाली तेव्हा सव्वापाच वाजले होते. साडेपाचला माझी बस. घरी मामेबहिणीच्या लग्नाची मेंदी होती. मी पुढच्या ओळींवरून नुसती नजर टाकली.

त्यात एक ओळ अशी होती, की तीन गावांच्या नियमात नदीची दिशा इतरांपेक्षा उलटी आढळली, ती एकसारखी केली आहे, कृपया तपासून घ्यावे. त्यानं विचारलं होतं. मी ती ओळ पाहिली होती. 'एकसारखी केली' हे शब्द मला चांगलेच वाटले.

"बाकी सगळं किरकोळ आहे भाऊ," मी पर्स उचलत म्हटलं.

"वाचली ना सगळी?"

"हो."

भाऊंचा मांडीवरचा अंगठा जागीच थांबला होता. मग म्हणाले, "जा मंग. तुही बस जाईन."

सोमीचं आता लग्न झालं होतं, गावातच. ऑगस्टमध्ये तिचे दिवस भरत होते. मैनीबाई लेकीच्या मागे लागल्या होत्या, आधीच जाऊन राहू म्हणून. सोमी म्हणाली, रोवणी संपू दे, यादी आली की निघू. हीच ती मुलगी, जिनं काठीनं नदी काढून दाखवली होती. यादीवर तिचा सगळ्यांहून जास्त विश्वास होता.

ऑगस्टातल्या त्या दिवशी इरुमगुड्यात ऊन होतं. वरच्या नदीला पूर नव्हता, म्हणून यादीत नाव नव्हतं. मैनीबाई सकाळी टेकडीवर चढून फोन पाहून आल्या आणि बांधीत रोवणीला उतरल्या. दुपारी इंद्रावतीनं नदी अडवली आणि पाणी उलटं फिरून आलं. संध्याकाळी सोमीला कळा लागल्या. गावानं खाटेवर घालून तिला नाल्यापर्यंत नेलं. टेकडीवरून फोन करून बोलावलेली गाडी पलीकडे येऊन उभी होती. नाला ओलांडायला डोंगा मिळेपर्यंत दोन तास गेले. मुलगी झाली, काठावरच, मैनीबाईंच्या हातांवर. रक्त थांबलं नाही. सोमी पलीकडे पोचली नाही.

दुसऱ्या दिवशी मैनीबाईंचा फोन भाऊंना आला. मी शेजारीच होते. त्या रडत नव्हत्या. एवढंच विचारत होत्या, "भाऊ, यादी काऊन नाई आली? मी पाह्यला न फोन. दोनदा पाह्यला."

भाऊंनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "इरुमगुड्याचा नियम काढ." मी काढला. "वाच." मी वाचला. भाऊंनी अंगठा काचेवर टेकवला, त्यांना काही दिसत नव्हतं तरी, आणि त्या ओळीवर तो सरळ ठेवून दिला. अडला. मग उठले आणि भिंतीला हात लावत सरांच्या खोलीत गेले. दार उघडं होतं, सगळं ऐकू आलं.

"मी तपासलं होतं, सर. माहीच चूक हाये. मले दिसत नाई आता, मी कोनाले सांगतलं नाई."

मी उठायला हवं होतं. चार पावलांवर दार होतं. मी खुर्चीतच बसून राहिले. याची मला जी लाज वाटते ती कमी होत नाही आणि व्हायलाही नको. भाऊंनी त्याच दिवशी काम सोडलं. जाताना दोन्ही न चालणारी पेनं टेबलावर ठेवून गेले.

माघात मी त्यांच्या गावी गेले. कबूल करायलाच गेले. अंगणात बाजेवर बसून भाऊ जाळं दुरुस्त करत होते. नजर पार गेली होती. गाठ अंगठ्यानं चाचपायची, तुटली असेल तर नवी मारायची. वैनींनी मला पाणी दिलं आणि आत गेल्या. मी सगळं एका दमात सांगितलं. ती ओळ, बस, मेंदी.

भाऊंचे हात थांबले नाहीत. "मालूम होतं मले," ते म्हणाले. "तू 'हो' लई लवकर म्हनली. वाचनारं मानूस इतक्या लवकर हो म्हनत नाई."

"मग विचारलं का नाही भाऊ? मला ओरडला का नाही तेव्हाच?"

"मीही थकलो होतो वं," ते हळूच म्हणाले. "म्हनलं, असन बराबर. जवायानं केलं, तू पाह्यलं, मी ऐकलं. तिघं होतो न आपन. तिघांपैकी कोनी तरी पाह्यलं असन, असं तिघायलेही वाटलं."

थोड्या वेळानं त्यांनीच सांगितलं. दिवाळीनंतर ते वैनींचा हात धरून इरुमगुड्याला जाऊन आले होते. मैनीबाईंसमोर उभे राहून चूक सांगितली. "त्या उठल्या. आतून लेकरू आनलं आन् माह्या मांडीवर ठेवलं. मले दिसत नाई न, म्हनून मी बोटं मोजली तिची. हाताची पाच-पाच, पायाची पाच-पाच. सगळी बराबर होती." त्यांनी जाळ्यातली एक गाठ सोडली आणि पुन्हा मारली. "निघताना मैनीबाईनं एकच विचारलं. आता यादी कोन वाचते? मी म्हनलो, वर्षा वाचते."

माझं नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा शेवटचं ऐकलं.

"उलटा नियम मी परत लिहिलाय भाऊ," मी म्हटलं. "प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचते. वैनींना फोन करू का, पावसाच्या आधी?"

"कर न. ते रिकामी नसते, पन कर." ते हसले. खरंच हसले, जुन्यासारखे. "जा आता. तुही बस जाईन."

मी पाया पडले आणि निघाले. कुंपणापर्यंत गेले, पण फाटक उघडवेना, म्हणून तिथेच उभी राहिले. वैनी दारात आल्या होत्या. भाऊंनी मान वळवली, मी जिथे नव्हते त्या बाजूला, आणि विचारलं, "गेली काय वं ते?"

वैनींनी माझ्याकडे पाहिलं.

"गेली," त्या म्हणाल्या.

तेव्हा भाऊंनी हातातलं जाळं तोंडाशी धरलं आणि त्यात चेहरा घालून ते रडायला लागले. आवाज येऊ नये म्हणून जाळं दाताखाली धरलं होतं, तरी येत होता. मी फाटकाची कडी न वाजवता वाकून तारेखालून बाहेर पडले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. मृग लागायच्या आठवडाभर आधी ते गेले.